लंकाबाईकडचा चहा

प्रज्ञा पगारे सिस्टरच्या दोन्ही पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटली होती आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मलमाची ट्यूब उघडायचंही त्राण तिच्यात उरत नसे. सगळ्या तालुक्याला मलम वाटत हिंडणाऱ्या बाईचे पाय हे असे. पण पूर आला की सगळंच उलटंपालटं होतं. कोपरगावकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, आणि गंगेला पूर येतो तो इथल्या पावसाचा नसतोच. पाऊस कोसळतो तिकडे नाशिकच्या डोंगरात, धरणं भरतात, दरवाजे उचलले जातात, आणि इकडे कोरड्या आभाळाखाली माणसं निवांत असताना पाणी उंबऱ्याशी येऊन बसतं. पाऊस एकाच्या गावचा आणि पूर दुसऱ्याच्या.

नदीकाठच्या वस्तीवरची माणसं उंचवट्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन राहिली होती. पाणी ओसरलं होतं, पण घरात गाळ होता, उसात गाळ होता, विहिरीत गाळ होता. माणसं सकाळी फावडी घेऊन घरांकडे जायची आणि दुपारी तशीच परत यायची. एका एका वर्गात पाच-सहा घरं, मधे लुगडी बांधून केलेले आडोसे, आणि भिंतीवर बाराखडीचे तक्ते. दोन वेळा खिचडी मिळत होती. खिचडी खाऊन माणसं इतकी कंटाळली होती की तिचा वास आला की पोरं नाकाला हात लावायची. पण बोलणार कोणाला? दान दिलेल्या गाईचे दात मोजायचे नसतात, एवढं शहाणपण पुरातही वाहून गेलेलं नव्हतं.

प्रज्ञाकडे अशा तीन शाळा होत्या. पाण्यात औषध टाकायचं, जुलाबाच्या पुड्या द्यायच्या, लसी टोचायच्या, दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगून त्याच्या झोळीत पोरं तोलायची. आणि दूध पावडरचे डबे. दुभती जनावरं काही वाहून गेलेली, काही पाहुण्यांच्या गावी नेऊन बांधलेली. डेअरीची गाडी बंद. शाळेत दुधाचा थेंब नव्हता. एका संस्थेने पाठवलेले पावडरचे डबे तेवढे होते, आणि ते ज्या तान्ह्यांच्या आयांना दूध येत नाही त्यांनाच द्यायचे होते. हा नियम सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. कारण दुधाची पावडर कुणाला नको होती?

पहिला डबा तिने लंकाबाईला दिला होता. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

लंकाबाई साठीची, उंचनिंच, नाकात ठसठशीत नथ घालणारी बागाईतदारीण. बागाईतदारीण म्हणजे पुराच्या आधीपर्यंत. तिचा एकुलता एक मुलगा आबासाहेब नदीवरची पाण्याची मोटार काढायला म्हणून गेला होता. पाणी सोडल्याची खबर आली की काठावरचा प्रत्येक शेतकरी आधी मोटारीकडे धावतो. माणूस पोहतो, मोटार पोहत नाही. बाकीचे आपापल्या मोटारी घेऊन वर आले. आबासाहेब आला नाही. शोधणारे पार खालच्या गावांपर्यंत जाऊन आले. काही सापडलं नाही. त्याची बायको राही, पदरात पाच महिन्यांची सायली. त्या दिवसापासून राहीचं दूध आटलं आणि बोलणंही आटलं. वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती पडून असायची. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, सगळं जागच्या जागी. आत मात्र कुणी नसल्यासारखी.

डबा देताना प्रज्ञाने नीट समजावलं होतं. पाणी उकळून गार करायचं, वाटी-चमच्याने पाजायचं, पावडर कमी घालायची नाही. लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसा बाई. च्या घ्या."

"नको आजी, अजून दोन शाळा आहेत."

"आसूं द्या. आमच्या दारातनं कुनी तसंच गेलं न्हाई कधी."

दार नव्हतंच, एक जुनं लुगडं होतं. पण प्रज्ञा बसली. बसली त्याला आणखी एक कारण होतं. तिने नोकरीत अशी पुष्कळ घरं पाहिली होती, जिथे गोड बोलून आधी आडनाव विचारायचे आणि मग चहा यायचा तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. तो कप ती स्वतः विसळून ठेवायची आणि बाहेर पडायची. लंकाबाईनेही विचारलं, "तुमी कुन्या गावच्या? कुनाच्या?" प्रज्ञाने सांगितलं, बेलापूरची, पगारे. लंकाबाईने मान हलवली आणि पितळेच्या परातीत सगळ्यांसाठी कप मांडले होते त्यातलाच एक तिच्या हातात दिला. दुधाचा, घट्ट, आलं घातलेला चहा. त्या दिवसांत प्रज्ञाला कुणी "बस" म्हणालं नव्हतं. तिला तो चहा इतका गोड लागला की दूध कुठून आलं हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

शिणलेल्या माणसाचं असंच होतं. समोर असतं ते दिसत नाही.

पुढे शाळेत माणसांचा पूर आला. तहसीलचे लोक आले, पंचायत समितीचे आले, कारखान्याचे संचालक आले, बिस्किटं वाटणारे आणि वाटतानाचे फोटो काढणारे आले. कुणी जुन्या कपड्यांची गाठोडी टाकून गेलं. त्यातून कुणाच्या तरी लग्नातला कोट निघाला आणि तो घालून एक म्हातारा शेळ्या वळत होता. आलेल्या प्रत्येकाला शाळा दाखवत हिंडायचं काम सिस्टरकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आणि प्रत्येक जण फिरत फिरत लंकाबाईच्या कोपऱ्याशी थांबायचा, कारण माणूस बेपत्ता असलेलं घर तेवढंच होतं. "कसं झालं?" विचारायचा. लंकाबाई सांगायची, "मोटार काढाया गेल्ता. यील." आणि वर्गाच्या दाराबाहेरच्या तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवायची. स्वतः मात्र घोटभरही घ्यायची नाही. पित्त होतं म्हणायची. शाळेतली माणसं हसून म्हणू लागली, "लंकाबाईनं हाटेल टाकलं."

प्रज्ञाही येता-जाता तिथे बसायची. पायांना तेवढीच विश्रांती.

मग एका सकाळी तिने सायलीला झोळीत घातलं आणि काट्याकडे पाहतच राहिली. वजन वाढायचं सोडून घटलं होतं. पोरगी रडतही नव्हती. तिच्याकडे रडायला जोर नव्हता. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

"आजी, दूध किती वेळा पाजता?"

"पाजते की. मागंल तवा."

"दाखवा बरं वाटी."

वाटीत निळसर पाणी होतं. प्रज्ञाने डबा उचलला. हलकाच लागला. झाकण काढलं, तळाशी चमचाभर पावडर. तो डबा आणखी कितीतरी दिवस पुरायला हवा होता.

"पावडर गेली कुठे?"

लंकाबाईची नजर क्षणभर चुलीकडे गेली, आणि इतके दिवस न दिसलेलं प्रज्ञाला एकदम दिसलं. सकाळी साहेबांना चहा, दुपारी फोटोवाल्यांना चहा, संध्याकाळी सिस्टरला चहा. दुधाचा, घट्ट.

प्रज्ञा भडकली. दमलेल्या माणसाचा राग दमलेला नसतो. साठलेला सगळा एकदम बाहेर येतो. "लेकराच्या तोंडचं काढून गावाला चहा पाजता? मोठेपणा मिरवायला हीच वेळ सापडली? मुलगी आहे म्हणून, होय ना? मुलगा असता तर एक चमचा इकडचा तिकडे झाला नसता!"

लंकाबाईने सायलीला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. राही भिंतीकडे तोंड करून होती तशीच होती.

प्रज्ञा बाहेर हापशावर येऊन हात धूत राहिली. उगाच, धुवून झाले तरी. मागून कळशी घेऊन कडूबाई आली. ती लंकाबाईची वस्तीवरची शेजारीण, आता शाळेतही लुगड्यापलीकडची.

"सिस्टर, लई टोचून बोलल्या तुमी."

"मग काय करू? पोर मरायला टेकलंय."

"पोरीचा राग न्हाई तिला. पोरगी झाली तवा आख्ख्या वस्तीवर साखर वाटली व्हती तिनं." कडूबाईने कळशी हापशाखाली ठेवली, पण दांडा धरला नाही. "तुमच्याकडं मयताच्या घरी च्या कसा देत्यात?"

"कोरा."

"आमच्यातबी कोरा. दहाव्यापत्तुर चुलीवर दूध न्हाई. समाचाराला आल्याला मानूस कोरा च्या पितो अन् उठतो. आता हितं जो तो येतो त्यो काय इचारतो? कसं झालं, कवा झालं, गावला का. हे समाचाराचंच बोलनं हाय का न्हाई? अशा मानसाच्या हातात तिनं कोरा च्या दिला, म्हंजी तिनं काय कबूल केलं, सांगा."

प्रज्ञाचे ओले हात तसेच राहिले.

"दूध घातलं म्हंजी आबासाहेब हाय," कडूबाई म्हणाली. "येवढंच हाय त्यात. आमाला सगळ्यांला ठावं हाय. पन तिच्या तोंडावर बोलायचं कुनी?"

आणि तिने दांडा हापसायला सुरुवात केली.

कोरा चहा प्रज्ञानेही कितीतरी मयताघरी घेतला होता. मग इतके दिवस तिला कळलं कसं नाही? कारण ती रोज बसून दुधाचा चहा पीत होती, आणि बसायला मिळाल्याच्या सुखात होती. त्या डब्यातलं किती दूध आपल्याच पोटात गेलं याचा विचार तिने करून पाहिला आणि सोडून दिला. तिला स्वतःची लाज वाटली. लंकाबाईला बोललेल्या शब्दांची तर फारच. पण लाजेने पोराचं वजन वाढत नसतं.

दुपारी ती दुसरा डबा घेऊन परत आली. संस्थेचा नियम मोडून आणला होता. एका बाळाला ठरलेल्या मुदतीआधी दुसरा डबा मिळत नव्हता. लंकाबाई जणू काही झालंच नाही अशी चुलीपाशी बसली होती. तळाची ती चमचाभर पावडर घातलेला चहा तिने पुढे केला.

"नको आजी. मी सोडला चहा."

लंकाबाईचा हात पुढे होता तो तिथेच राहिला. "का? आमच्यात सुतक हाय का काय?"

असं विचारल्यावर कोण नाही म्हणणार? प्रज्ञाने कप घेतला. एकेक घोट खडा गिळावा तसा गिळला. दुधाचं दूध गेलं आणि वर ते खोटंही तिने गिळलं. आभाळच फाटलं तिथे ठिगळ लावायचं कुठे! या म्हातारीला म्हणायचं काय, की तुझा मुलगा मेला असं समज आणि नातीला जगव? हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि नाही म्हणायचं तर आठवडाभराने काय तोलायचं?

कप ठेवून ती लुगड्याच्या आत गेली आणि राहीच्या उशाशी फरशीवर बसली. सायली बाजूला निपचित पडली होती. नवा डबा प्रज्ञाने लंकाबाईकडे दिला नाही. राहीच्या हाताशी ठेवला.

"राही, मी तुला समजावायला आले नाही," ती हळू बोलली. "माझ्यात तेवढी ताकदही नाही आता. फक्त एक सांगते. हा डबा हिच्या पोटात गेला तर ही वाचेल. चहात गेला तर नाही वाचणार. तुझ्या सासूचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

भिंतीकडूनच आवाज आला, खरखरीत, न वापरलेला.

"पवायला येत हुतं त्यांला. लई चांगलं."

"हो."

"म्हनून आमी..." ती थांबली. "इतकं चांगलं पवनारा मानूस आत्तापत्तुर आला नसता का, सिस्टर?"

प्रज्ञाला खोटं बोलता आलं असतं. दिवसभर ती कुणाकुणाला "होईल सगळं नीट" म्हणत असायची. एकदा आणखी म्हटलं असतं तर जीभ झडली नसती. पण तिने नुसता राहीच्या पाठीवर हात ठेवला आणि राहीने तो राहू दिला. बाहेर पोरं खिचडीच्या रांगेत भांडत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणे आले. गावचे सरपंच आप्पासाहेब, आणि त्यांच्याबरोबर डबे पाठवणाऱ्या संस्थेचे मुंबईचे एक साहेब. साहेब मनाने बरे होते. गुडघाभर चिखलात स्वच्छ पँट घालून आले होते आणि ती खराब झाल्याचं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही; तेवढं त्यांचं मोठेपण मान्य करायला हवं. फिरत फिरत सगळे लंकाबाईपाशी आले. साहेबांनी हात जोडले. "आजी, कसं झालं हो?"

"मोटार काढाया गेल्ता. यील," लंकाबाई म्हणाली. "बसा. च्या घ्या." आणि उठून तिने आत राहीच्या हाताशी ठेवलेल्या नव्या डब्याकडे हात नेला. डबा जागेवर नव्हता.

चुलीवर आधण आधीच चढलेलं होतं. राही चुलीपुढे बसली होती. उठून बाहेर येऊन चुलीपुढे बसलेली राही इतक्या दिवसांत कुणी पाहिली नव्हती. पावडरचा डबा तिच्या मांडीत होता, झाकण घट्ट लावलेला. तिने पातेल्यात साखर टाकली, चहापत्ती टाकली, उकळी येऊ दिली. मग पदराने पातेलं धरून कपांत गाळलं. डब्याला हात लावला नाही.

"राही," लंकाबाई म्हणाली. "दूध ऱ्हायलं."

राहीने ऐकलं नाही असं नाही. तिने कप परातीत मांडले, उठली आणि थेट पाहुण्यांपुढे आली. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू तसंच. कपांतला चहा काळाभोर होता.

वर्गातल्या बायका होत्या तिथे उभ्या राहिल्या. कडूबाईने तोंडाला पदर लावला. आप्पासाहेबांनी कपात पाहिलं, मग राहीकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अरे वा, ब्लॅक टी!" साहेब म्हणाले. "छान. दुधापेक्षा हाच बरा, तब्येतीला."

साहेब बिचारे इकडेतिकडे पाहत फुंकर मारून पिऊ लागले.

प्रज्ञाने कप उचलला. तिला राहीकडे पाहवेना आणि लंकाबाईकडे तर मुळीच पाहवेना. खाली मान घालून तिने तो कडवट, कढत चहा शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. समाचाराला आलेल्या माणसाने घ्यायचा तसा. आणि मग ती रडली. पुराच्या पहिल्या दिवसापासून ती रडली नव्हती. वेळच मिळाला नव्हता. आता डोळे आपोआप वाहत होते आणि तिने ते पुसलेही नाहीत.

लंकाबाई चुलीपाशी उभी होती. तिने परातीतल्या रिकाम्या होत जाणाऱ्या कपांकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला, अगदी दिसण्याइतका आला. आता ती सुनेच्या हातातली परात उडवणार असं कडूबाईला वाटलं आणि ती पुढेही सरकली. पण लंकाबाई हळूहळू खाली बसली. भिंतीला टेकली. चुलीजवळ जमिनीवर निजवलेल्या सायलीला तिने उचलून मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवरून हात फिरवला, आणि तो हात तिथेच ठेवला.

"राही," ती म्हणाली. आवाज साधाच होता, रोजचा. "आदी पोरीचं दूध कालव. घट्ट कालव."

राही वळली आणि डब्याचं झाकण उघडू लागली.

"अन् मग मला च्या दे," लंकाबाई म्हणाली. "कोराच दे."